पणजीला हिंदी येत नाही, लेकीलाही नाही

आमच्या नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या सिनेमावरून जोरात भांडण चालू आहे. सुरुवात साधीच होती, कोणी काय बघितलं, कसं वाटलं. मग एकाने टाकलं की हॉलिवूडचे आणि साउथचे पिक्चर मराठीत डब करून थिएटरला लावले पाहिजेत, की झालं, लगेच दुसऱ्याने लिहिलं डबिंग आलं तर मराठी सिनेमाचे उरलेसुरले शो पण जातील, आणि तिसरा म्हणाला टॉम क्रूझ मराठी बोलायला लागला तर हसू आवरणार नाही, आपल्याला सगळ्यांना हिंदी येतं की, मग हवंय कशाला. मी अकरा वर्षं जर्मनीत आहे, स्टुटगार्टला. ग्रुपवर एवढं मोठं टाइप करवत नाही म्हणून इथे लिहिते.

"सगळ्यांना हिंदी येतं की" यावरच मला बोलायचंय.

2024 च्या डिसेंबरात नाशिकला आले होते. लेक तेव्हा आठ वर्षांची, जन्म जर्मनीतलाच, घरात मराठी, शाळेत जर्मन, हिंदी तिच्या कानावर पडायचा प्रश्नच नाही. तेव्हा मुफासा लागला होता, लायन किंगमधल्या सिंहाच्या लहानपणाची गोष्ट. भावाने सगळ्यांची तिकिटं काढली, हिंदी शोची, भाचे खूश कारण मुफासाचा आवाज शाहरुखचा आणि छोट्या मुफासाचा त्याच्या धाकट्या मुलाचा. बरोबर माझी आजी पण आली, म्हणजे लेकीची पणजी, वय 84, निफाडकडची, जन्म शेतात आणि गोठ्यात गेला, हिंदी म्हणजे भांडीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं. दोघी शेजारी बसल्या. थोड्या वेळाने आजीने पदर तोंडाशी धरून विचारलं, "तो दुसरा छावा कोण गं?" लेक म्हणाली, "पणजी, तो टाका." आजी म्हणाली, "काय टाकू?" "अगं, टाका नाव आहे त्याचं!" पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून बघितलं, मी सॉरी म्हटलं. इंटरव्हलला पॉपकॉर्न खाता खाता आजी तिला विचारते, तुला कळतंय का गं काही, तर ही म्हणाली नाही, तुला? आजी म्हणाली मलाही नाही. दोघींची मातृभाषा मराठी, थिएटर नाशिकचं, आणि पिक्चर इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू अशा चार भाषांत आलेला. आपल्या राज्यात आपल्याच भाषेत नाही.

छाव्यावरून आठवलं, छावा मी फेब्रुवारी 2025 मध्ये इथेच थिएटरला बघितला, आम्ही वीसेक मराठी लोक मिळून गेलो होतो. विकी कौशलने जीव ओतलाय, शेवटचा अर्धा तास मला बघवला नाही, मी मान खाली घालून नुसतं ऐकत होते. गाणी मात्र त्या काळाची अजिबात वाटली नाहीत. पण मला खरं खुपलं ते वेगळंच. कादंबरी शिवाजी सावंतांची, मराठीतली. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, मराठी. राजा आपला. तो पिक्चर 7 मार्चला तेलुगूत डब होऊन आला आणि मराठीत थिएटरला आलाच नाही. तेलुगू लोकांनी मागितला, त्यांना मिळाला, यात त्यांचं काही चुकलं नाही. आपल्याला मागायचं सुचलं तरी आपण आपसातच भांडत बसतो.

इथे जर्मनीत हॉलिवूडचं सगळं डब होतं, म्हणजे अगदी सगळं. मूळ इंग्रजीतला शो बघायचा तर मुद्दाम शोधावा लागतो. सुरुवातीला मला फार चीड यायची. मिशन इम्पॉसिबलचा शेवटचा भाग मी जर्मनमध्येच बघितला (पावणेतीन तासांच्या वर आहे, पहिला तास नुसतं समजावून सांगण्यात जातो, पण तो विमानाच्या पंखावरचा सीन बघताना मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते) आणि तेव्हा लक्षात आलं की जर्मन आवाज आता मला खटकतच नाही. इथे थॉमस डानेबेर्ग नावाचे एक आवाजाचे कलाकार होते, स्टॅलोन आणि श्वार्झनेगर दोघांचाही जर्मन आवाज वर्षानुवर्षं तेच. माझ्या शेजारच्या आजींना एकदा मी मूळ इंग्रजीतला स्टॅलोन ऐकवला तर त्या म्हणाल्या, हा त्याचा आवाजच नाही. तर हसू येण्याचं म्हणाल तर ते सवयीचं आहे. टीव्हीवर मराठीत डब केलेले साउथचे पिक्चर बघून हसू येतं हे मलाही मान्य, पण ते मराठीमुळे नाही, घाईघाईत हिंदीवरून शब्दाला शब्द उतरवल्यामुळे येतं. चांगला लेखक द्या, चांगले आवाज द्या. आवाजांची तर आपल्याकडे कमीच नाही, पुष्पाचा हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा, डेडपूलचा हिंदी आवाज संकेत म्हात्रेचा, हे लोक त्यांच्या आईशी मराठीतच बोलत असतील ना?

शेजारच्या नेदरलँड्समध्ये मोठ्यांचे पिक्चर डब होत नाहीत, खाली डच सबटायटल असतात, आणि डच भाषा काही मेली नाही. म्हणजे डबिंग हाच एक रस्ता आहे असं मी म्हणत नाही. पण तिथेही लहान मुलांचे पिक्चर डचमध्येच बोलतात.

आता ती भीती, शो जातील ही. ती खोटी नाही. 2015 ला सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइम ठेवायला सांगितलं, त्यावर केवढा गदारोळ, शेवटी दुपारी 12 ते रात्री 9 यात कधीतरी, असं झालं. स्थळ नावाचा मराठी पिक्चर रिलीज झाला तोही 2025 च्या 7 मार्चलाच, छावा तेलुगूत आला त्याच दिवशी, टोरंटोच्या फिल्म फेस्टिव्हलला बक्षीस मिळवून आलेला, मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमावरचा इतका खरा पिक्चर मी बघितला नव्हता, आणि माझ्या मैत्रिणीला नाशिकमध्ये तिला जमेल असा शो मिळाला नाही. पण तो शो कोणी खाल्ला? मराठी डबिंगने नाही, कारण ते नव्हतंच. मोठे पिक्चर हिंदीत येऊन शो आजच खातायत. कर्नाटकात कित्येक दशकं डब पिक्चर लागू देत नव्हते, लोक हिंदी, तमिळ, तेलुगूत जाऊन बघायचेच. 2015 ला स्पर्धा आयोगाने डबिंग अडवल्याबद्दल तिथल्या सिनेमावाल्यांच्या संघटनांना दंड केला, दरवाजे उघडले, आणि त्यानंतर त्याच कन्नडमधून केजीएफ आला, कांतारा आला. डबिंगमुळे आले असं नाही म्हणत मी, पण डबिंगमुळे मेले तर नाहीत. आणि आपल्या प्रभातने 1932 ला अयोध्येचा राजा काढला तो मराठीत आणि हिंदीत एकदमच, दोन्हीचं शूटिंग वेगवेगळं. एकच गोष्ट दोन भाषांत सांगणं आपल्याला नवीन आहे का?

डॉक्युमेंटरीचं मात्र माझं मत उलटं आहे. इथल्या टीव्हीवर मूळ माणूस दोन सेकंद बोलताना ऐकू येतो आणि मग त्याच्यावर जर्मन आवाज चढतो, ते मला सहन होत नाही. दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या भावांवरची ऑल दॅट ब्रीद्स बघा, त्या भावांच्या आवाजातला थकवा गेला तर काय उरेल? आणि सुपरमेन ऑफ मालेगाव तर आपल्याच जिल्ह्यातली, मालेगावात स्वतःचा सुपरमॅन पिक्चर काढणाऱ्यांवरची. मी ती इथल्या मित्रमैत्रिणींना दाखवली. तो पिक्चर काढणारा नासिर शेख, सायकलवर कॅमेरा घेऊन शूटिंग, मागे हिरवा कपडा, आणि यंत्रमागावर काम करणारा काटकुळा शफिक सुपरमॅन होऊन आडवा झालेला. शुक्रवारी माग बंद आणि सगळं गाव थिएटरला. ही माणसं शोले आणि सुपरमॅन आपल्या बोलीत, आपल्या गल्लीत घेऊन आली, कारण त्यांना तो तसाच बघायचा होता. कोणी त्यांना म्हणालं नाही की तुम्हाला हिंदी येतं ना, मग मूळचाच बघा. अशी फिल्म डब करायची नाही, पण खाली मराठी अक्षरं द्या, माझी लेक देवनागरी वाचायला शिकतेय, तिला त्याचा केवढा उपयोग होईल.

त्या दिवशी नाशिकला इंटरव्हलनंतर मी आजी आणि लेक यांच्या मधे जाऊन बसले आणि अख्खा सेकंड हाफ हळू आवाजात मराठीत सांगितला, हा आता असं म्हणाला, तो घाबरला, हा याचा भाऊ नाही पण भावासारखा. दहा मिनिटांनी पुढच्या रांगेतला तो माणूस परत मागे वळला. मला वाटलं आता चिडतोय. तो म्हणाला, "ताई, जरा मोठ्याने सांगा ना, आमची आई पण ऐकतेय."