प्रविष्ट २३, उत्तीर्ण २२

मे महिन्यात माझ्या दुकानात दोन कामांची गर्दी असते. आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं आणि दहावीच्या निकालाचे फ्लेक्स. दुकान झेरॉक्सचं, दापोली तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या फाटकासमोर. फ्लेक्स मी छापत नाही. मजकूर नि फोटो दापोलीला पाठवते, संध्याकाळच्या एसटीने गुंडाळी येते. मजकूर दरवर्षी तोच. "१०० टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा कायम." साल बदलायचं, तीन फोटो बदलायचे, झालं.

यंदा आमच्या शाळेची परंपरा मोडली. २३ बसली, २२ पास झाली. ९५.६५ टक्के.

राज्याचा २०२५ चा निकाल ९४.१० लागला, मग रडता कशाला, असं घाटावरचे लोक म्हणतील. पण आम्ही पडलो कोकण बोर्डात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून ९८.८२. बोर्ड वेगळं झाल्यापासून पहिला नंबर सोडलेला नाही. इथे ९५ म्हणजे तोंड लपवायची पाळी. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलंच, "कोकणात राहून नापास व्हायलापण अक्कल लागते." त्याखाली तीसेक हसरे चेहरे. तिथे मी गप्प बसले. इथे लिहिते, कारण मला राग आलाय आणि राग दोन ओळींत मावत नाही.

त्या १०० टक्क्यांची एक बाजू माझ्या झेरॉक्स मशीनवरून जाते. तालुक्यातल्याच एका मोठ्या शाळेतल्या मुलाची आई दोन वर्षांपूर्वी दुकानात आली होती. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, नववीचं प्रगतिपुस्तक, सगळ्याच्या प्रती हव्या होत्या. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. शिक्षण सुटलेल्यांसाठी, कामाला लागलेल्यांसाठी फार चांगली सोय आहे. पण या बाईंचं पोर शाळा सोडून कुठेच गेलेलं नव्हतं. नववीच्या निकालाला बोलावून त्यांना सांगितलं होतं, "मुलगा काठावर आहे, दाखला घेऊन जा, बाहेरून बसवा, त्याच्यावर ताण नको." ताण कुणावर नको होता ते उघड आहे. बाहेरून बसलेलं मूल शाळेच्या टक्केवारीत येत नाही. त्या वर्षी त्या शाळेचा फ्लेक्स माझ्याच दुकानातून गेला. पैसे मी घेतले, तेव्हा फार सोवळेपणा मलाही मिरवता येणार नाही.

आमच्या शाळेतही गेल्या वर्षी हा विषय निघाला. शाळा खासगी अनुदानित. मुंबईतल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून उभी केलेली, म्हणून अजून शाळा चालवणाऱ्या मंडळाचं एक ऑफिस परळला आहे आणि मीटिंगला अर्धे लोक मोबाईलवरून असतात. मी पालक-शिक्षक संघातर्फे बसले होते. मुंबईहून एकाने सुचवलं, "तो एक पोरगा आहे, त्याचं बघा काहीतरी. बाहेरून बसवा." मुख्याध्यापक सर जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हजेरीपटावर तेवीस नावं आहेत. तेवीस जातील." आणि पुढचा विषय, पाण्याची टाकी.

सरांना मी देव करत नाही. त्यात हिशोबही आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या, शासन निर्णयापासून आमच्यासारख्या शाळांची झोप उडाली आहे. पट विसाच्या खाली घसरला की शिक्षकाचं पद जातं, आणि पद गेलं की गणिताला कोण, हा प्रश्न. गावात पोरंच कमी. अशा शाळेला एकेक नाव जपावंच लागतं. पण हिशोब करूनही माणूस बरोबर वागला तर माझी तक्रार नाही.

आता हा मुलगा. तुम्हाला वाटेल, मी सांगणार की अभ्यासात मागे पण कबड्डीत वाघ. तसं काही नाही. कबड्डीत तो राखीव खेळाडू. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात गुण वाढतात, त्यालाही बसला नव्हता. साधा मुलगा आहे. त्याचं गणित राहिलं.

ते का राहिलं हे कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. ही बॅच पाचवीत असताना लॉकडाऊन लागलं. मे महिन्यात चाकरमानी गावी आले आणि शाळेच्या वर्गांतच विलगीकरणात राहिले. मग ३ जून २०२०, निसर्ग वादळ. शाळेचे पत्रे उडून खालच्या बागेत पडले, प्रयोगशाळेचं कपाट भिजलं, नकाशांचा लगदा झाला. पत्रे परत चढवले ते त्याच चाकरमान्यांनी, चौदा दिवस संपल्यावर, मुंबईला परतायच्या आधी. बायकांनी पोह्यांची पातेली नेली. हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण पत्रे बसले तरी वर्ग भरला नाही. सहावीचं अख्खं वर्ष मोबाईलवर, आणि रेंज वर सड्यावर, कातळाच्या माळावर. ज्याच्या घरी फोन एकच आणि तो बापाबरोबर बागेत राखणीला, त्याने अपूर्णांक कुठे शिकायचे? याच बॅचने आठवीला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत एक मुलगी काढली, वर्षाला १२,००० रुपये, बारावीपर्यंत. तिचा फ्लेक्स लागला होता. तिच्या घरी फोन दोन होते. तिची मेहनत मी कमी लेखत नाही, पहाटे दिवा लागलेला मी पाहिलाय. पण दोन फोन होते.

आमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेला पावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले होते. तिथे साहेबांनी बघितलं, पोरगा सतरा वर्षांचा दिसत नाही, बसू दिलं नाही. पुढे १९५८ साली भारतरत्न. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक गॅदरिंगला सांगतात, त्यांच्या जिद्दीसाठी. मला मात्र नेहमी त्या दारातल्या साहेबाची आठवण येते. फॉर्मचा नंबरही सतराच असावा, हा योगायोग.

तर यंदाचा फ्लेक्स. मंडळाचं म्हणणं होतं, टक्केवारी टाकू नका, पहिले तीन फोटो टाका, विषय मिटवा. सरांनी मला व्हॉट्सॲपवर निरोप समारंभाचा फोटो पाठवला, सगळे तेवीस, मागे शिपाई मामा. खाली मजकूर : "इयत्ता दहावी, २०२४-२५. प्रविष्ट २३, उत्तीर्ण २२." दापोलीच्या फ्लेक्सवाल्या मुलाचा मला दोनदा फोन. "ताई, प्रविष्ट ठेवायचं ना? लोक काढायला सांगतात." मी म्हटलं, ठेव.

पाऊस यंदा मेमध्येच आला, त्यामुळे फ्लेक्स बांधला आणि तासाभरात भिजला. एसटीच्या थांब्यावर आहे, जाता-येता दिसतो. काल तो मुलगा दुकानात आला. जूनअखेरच्या पुरवणी परीक्षेसाठी गुणपत्रिकेच्या प्रती हव्या होत्या. सर रोज सकाळी सातला बोलावतात म्हणाला, अपूर्णांकापासून. मशीन गरम होईपर्यंत तो दारात उभा राहून थांब्याकडे बघत होता.

"काकी, फोटोत माझे डोळे मिटलेत."

बघितलं तर खरंच मिटलेले. दोन प्रतींचे चार रुपये झाले, सुट्टे नव्हते, उद्या आण म्हटलं.