धबधबा दाखवायला नेता की दुकानं?

पाहुणे आले की नायगारा आणि नायगारा म्हटलं की तीच ती डे टूर. ही माझी चौथी खेप, आणि चौथ्यांदा तोच वैताग!! टोरंटोहून अंतर किती, तर जेमतेम १३० किमी, पण सरळ नेतील तर शपथ. आधी ते फुलांचं घड्याळ, मग वायनरीत टेस्टिंग (आत्याने ग्लास नाकाला लावून "आंबलंय गं हे" म्हटलं, तेवढीच काय ती करमणूक), मग नायगारा-ऑन-द-लेक नावाच्या गावात पाऊण तास "फ्री टाइम" म्हणजे परत दुकानंच, आणि यातून उरलंसुरलं की धबधबा. त्यातही बोटीची रांग, तो पातळ रेनकोट चढवा, भिजा, काढा, तोवर गाइड मनगटावर बोट ठेवून उभाच, बस सुटणार म्हणजे सुटणार.

अरे बाबांनो, अमेरिका-कॅनडाचा १९५० चा करार आहे, वीजनिर्मितीसाठी पाणी वळवलं तरी सीझनमध्ये दिवसा सेकंदाला साधारण २,८३२ घनमीटर पाणी कड्यावरून सोडावंच लागतं, का, तर धबधबा लोकांना नीट दिसावा म्हणून! रात्री तेच निम्म्यावर आणता येतं. दोन देशांनी आमच्यासाठी एवढं पाणी राखून ठेवलंय आणि ह्यांना आम्हाला कठड्याशी तासभर उभं राहू देववत नाही.

वर परतताना माइकवरून "मजा आली ना?" आणि लगेच टिपची आठवण. आत्या गाढ झोपलेली. पुढच्या महिन्यात मावशी येतेय.