रविवारी मटण मिळतं काय?

मागच्या आठवड्यात एका लग्नात चुलत मामी भेटल्या. पंगतीत वाढपी बासुंदी घेऊन उभा, आणि यांचा प्रश्न, "आईला वृद्धाश्रमात टाकलंस म्हणं?"

तसं पोरांना शाळेतही 'टाकतात' आपल्याकडे. पण ते विचारताना कुणी आवाज खाली आणत नाही, की शेजारचीच्या पानाकडं बघत नाही. मी बासुंदी घेतली आणि गप्प बसले. तिथं राहिलेलं इथं लिहिते. लांबलंय, आधीच सांगते.

आई ८२ वर्षांची. कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला आमचं जुनं घर. वडील गेल्यापासून ती तिथं एकटी. दादा पुण्यात. मी इथंच राजारामपुरीत, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि सकाळी साडेनऊला बँकेत हजर. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात आईला पहिल्यांदा बोटीतून बाहेर काढली, २०२१ च्या जुलैत परत. तेव्हापासून पाऊस लागला की तिचा एकच फोन, "राजाराम बंधाऱ्याला किती झालं?" पंचगंगेचं पाणी मोजायची ती जागा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आमच्या घरात पाढ्यासारखे पाठ आहेत. त्यात गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण अडीच तास ओल्या फरशीवर होती. दुधाची पिशवी दारात तशीच बघून शेजारच्या काकूंनी हाक मारली, म्हणून कळलं.

मग आम्हा भावंडांच्या व्हिडिओ कॉलवर बैठका. दिवसरात्र राहणारी बाई लावून झाली होती, दोन आल्या, दोन्ही गेल्या. पुण्याला आई एकोणीस दिवस राहिली आणि "हितं बोलायला माणूस न्हाई" म्हणून परत आली. माझ्याकडं आणायची तर तिसऱ्या मजल्यावर तिला कोंडून ठेवल्यासारखंच. आम्ही दोघं 'तो' शब्द टाळून तासभर बोलत होतो. आई बाजूला घेवडा मोडत बसलेली. तीच म्हणाली, "आश्रम बघून तर येऊ. बरा असला तर मी जातो की."

आणि इथं मी चूक केली. पहिल्या दोन-तीन जागा मी एकटीच बघून आले. मी काय बघितलं? बाग बघितली. चकचकीत फरशा, देवळातली मूर्ती, भिंतीवरचे वाढदिवसाचे फोटो. पन्हाळ्याच्या वाटेवरची एक जागा इतकी आवडली की तिथंच बाकावर बसून दादाला फोटो पाठवले. हवा काय, शांतता काय! आईनं फोटो बघितले आणि विचारलं, "केर्लीला पाणी आलं की तू येणार कुठनं?"

मला उत्तर नव्हतं. मोठ्या पुरात रत्नागिरीचा रस्ता तिथं पाण्याखाली जातो हे कोल्हापुरात पोरालाही माहीत आहे. २०१९ ला तर शिरोलीजवळ हायवेसुद्धा कित्येक दिवस बंद होता. दोनदा बोटीत बसलेल्या बाईला बाग दिसत नाही, रस्ता दिसतो. माझी निम्मी यादी तिथंच खोडली गेली.

पुढच्या ठिकाणी तिला घेऊन गेले. मॅनेजर भला माणूस. प्रार्थनेचा हॉल दाखवला, योगासनांचा हॉल दाखवला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रविवारी मटण मिळतं काय?"

तो हसला. "आजी, आपल्याकडं सगळं सात्त्विक असतं."

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "बुधवार-रविवार खाऊन ऐंशी वर्षं काढली. आता मराय टेकल्यावर सात्त्विक हू व्हय?"

मला हसू आलं, पण त्याच दिवशी डोक्यात उजेड पडला. मी शोधत होते ती अशी जागा, जिथं तिला सोडून परत येताना मला रडू येणार नाही. ती शोधत होती राहायची जागा. या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, आणि आपल्याकडचे बरेच वृद्धाश्रम पहिल्या गिऱ्हाइकासाठी सजवलेले असतात. फोटो मुलांना दाखवायचे, मंगलमय वातावरण मुलांना दाखवायचं. म्हातारपण आलं की माणूस आपोआप भजनाला बसतो, असं कुणी ठरवलं कुणास ठाऊक. आमची आई भजनाला बसत नाही. ती रमी खेळते, आणि खोटं खेळते.

तिची तपासणी बघण्यासारखी होती. कमोडवर बसून, दांडी धरून स्वतः उठून बघायची. बाथरूमची कडी बाहेरून उघडते का, हे मला आत उभं करून बघितलं. जेवणाचं मॅनेजरला न विचारता व्हरांड्यातल्या एखाद्या आजीला विचारायची, "काल रातच्याला काय हुतं?" एका ठिकाणी त्या आजींना आठवेना. तर ही म्हणाली, आठवण्यासारखं नसंल.

मी मात्र कागद वाचायला शिकले. प्रवेशाच्या अर्जात बारीक अक्षरात काय असतं ते वाचा, खरंच वाचा. बऱ्याच ठिकाणी अट असते की माणूस चालतं-फिरतं हवं. म्हणजे अंथरुणाला खिळली की घरी घेऊन जा. अहो, तेव्हाच तर गरज! एका ठिकाणी डिपॉझिट परत न मिळण्याची ओळ दुसऱ्या पानाच्या तळाला होती. रात्री किती माणसं ड्युटीवर असतात, डायपरचे पैसे वेगळे का, मध्यरात्री दवाखान्यात कोण नेणार, हे विचारल्यावर कोण किती वेळ गप्प राहतो त्यावरून बरंच कळतं. आणि एक रकाना असतो, 'अंत्यविधीची जबाबदारी'. तो भरताना माझा हात थांबला. आई म्हणाली, "लिही की तुझं नाव. दुसरं कोण हाय?" त्याखाली 'पालकाची सही'. ज्या बाईनं माझ्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं सह्या केल्या, तिची पालक म्हणून मी सही केली.

मधल्या काळात मामांचा सल्ला आला. आधी घराचं बक्षीसपत्र पोरांच्या नावे करा, मग जायचं तिकडं जा. मामांवर राग नाही, ती पिढी तशीच बोलते. पण २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्यातलं कलम २३ सांगतं की सांभाळायच्या अटीवर घरदार दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करून घेता येतं, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढं. म्हणून करायचंच असेल तर सांभाळायची अट कागदात नीट लिहून घ्या. आईनं एवढंही केलं नाही. तिनं मृत्युपत्र केलं, घर भाड्यानं दिलं, आणि आश्रमाचे पैसे त्या भाड्यातून आणि वडिलांच्या फॅमिली पेन्शनमधून ती स्वतः भरते. कमी पडतील ते मी आणि दादा घालतो. चेकवर सही तिची असते. या एका गोष्टीनं तिथं तिचा आवाज वेगळा लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शेवटी कळंब्याच्या बाजूला एक जागा सापडली. चढावर, माझ्यापासून गाडीवर वीस मिनिटं. इमारत साधीच आहे, रंग उडालेला. आधी पंधरा दिवस राहून बघू, असं ठरवून गेली. सोबत काय नेलं? दोन लुगडी जास्तीची, पत्त्यांचे दोन कॅट, पितळी तांब्या आणि कपाटाला लावायला स्वतःचं कुलूप. देव नेले नाहीत. "त्यांना तुझ्याकडं ऱ्हाऊ दे, सारखी हलवाहलव नको."

सगळं गोड झालं असं नाही. पहिल्या महिन्यात दोनदा फोनवर रडली. एकदा पंख्यावरून खोलीतल्या बाईशी कडाक्याचं भांडण झालं. सात वाजता जेवण वाढतात ते तिला अजून पटत नाही. आणि मी? मला पहिल्यांदा रात्रभर सलग झोप लागली, आणि सकाळी त्याचीच लाज वाटली. आता वाटत नाही.

मामी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. आईला कुणी टाकलं नाही. पाच जागा नापसंत करून ती सहावीत राहायला गेली. पत्ता देते, जाऊन या. गेल्या वर्षी शाहूपुरीत तुम्ही कितीदा आलात ते मी मोजत नाही.

तिथं स्वयंपाकात मटण नसतं, पण घरचा डबा चालतो. खोलीतल्या बाई माळकरी. पंख्याच्या भांडणानंतर दोघींचा तह झालाय. रविवारी आईनं व्हरांड्यात बसून खायचं, आणि तोवर यांनी पत्ते पिसून ठेवायचे. आज सकाळी फोन होता, "पांढरा रस्सा जरा जास्त आण. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी सांगून ठेवलंय."

कुकर लावलाय. निघते.