नवीन फ्लॅटमध्ये राहायला गेलात? आधी बंद करायला शिका

दूध उतू घालून झालं, देव्हारा जागेवर बसला, की लोक पहिली चौकशी करतात ती ड्रिल मशीनची. टीव्ही टांगायचा, पडद्यांचे रॉड लावायचे, आजोबांचा फोटो लावायचा. माझं म्हणणं जरा उलटं आहे. ड्रिल महिनाभर थांबू शकतं. पहिल्या आठवड्यात शिकायचं ते घरातलं पाणी आणि वीज बंद कशी करायची. स्वतः दुरुस्ती करायला बसलेल्या माणसाची फजिती नळ खोलता आला नाही म्हणून क्वचितच होते. नळ निघतो झटक्यात, पण मागचं पाणी थांबवता येत नाही, तिथे होते.

आणि सोलापुरात ती महागात पडते. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी ही पुढच्या पाळीपर्यंतची सगळी पुंजी. अर्ध्या इंची नळ मुळातून तुटला तर ती रिकामी व्हायला तास-दीड तास पुरतो. मग शेजाऱ्यांकडे बादली घेऊन जा आणि टँकरवाल्याला फोन लावा.

तर पहिल्या रविवारी, ऊन चढायच्या आत, गच्चीवर जा. टाकीतून खाली उतरणाऱ्या प्रत्येक पाइपवर वॉल्व्ह असतो. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, संडास-बाथरूमची वेगळी अशी बहुतेक बिल्डिंगांत पद्धत आहे, पण कोणता कुणाचा हे वॉचमनलाही नक्की ठाऊक नसतं. घरात एकाने सगळे नळ सोडून उभं राहायचं, वर एकाने एकेक वॉल्व्ह बंद करायचा, मोबाइलवर बोलत राहायचं. वॉल्व्ह बंद केल्यावरही पाइपात उरलेलं पाणी थोडा वेळ येतं, तेव्हा घाईने 'हा नव्हे' म्हणू नका. सापडला की ऑइल पेंटने फ्लॅट नंबर लिहा. मार्कर पेनने लिहिलेलं इथल्या एका उन्हाळ्यात पुसट होतं.

वॉल्व्ह दोन जातींचे. दांडीवाला बॉल वॉल्व्ह सोपा: दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, पाइपाला काटकोनात असेल तर बंद. चाकवाला गेट वॉल्व्ह हा खरा त्रास. बोअरचं जड पाणी लाइनमध्ये असलं की आत क्षाराचा थर बसतो आणि वर्षानुवर्षं न हलवलेलं चाक जाम होतं. अशा वेळी पाइप पाना लावून जोर काढू नका. आतला दांडा पिळून तुटतो, पडदा आहे तिथेच अडकतो, आणि मग वॉल्व्ह बदलण्यासाठी टाकी रिकामी करावी लागते. चाकाखालच्या नटावर दोन थेंब तेल सोडा, अर्धा तास थांबा, मग चाक थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे, पुन्हा उजवीकडे असं खेळवत न्या. सुटलं की दर तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून उघडायचं, आणि पूर्ण उघडल्यावर अर्धा फेरा मागे आणून सोडायचं, म्हणजे टोकाला चिकटून बसत नाही. चाकाखालून थेंब गळायला लागले तर घाबरू नका. तिथला छोटा नट जरासा, अगदी घड्याळाच्या पाच-सात मिनिटांएवढा, आवळला की बहुधा थांबतं.

घरातही दोन ठिकाणं असतात. बाथरूमच्या भिंतीत वरच्या बाजूला स्टॉप कॉक, आणि बेसिन, सिंक, फ्लशच्या खाली अँगल कॉक. हे सगळे एकेकदा बंद करून बघा. जो बंद होत नाही तो आजच बदला, कारण त्याची गरज पडेल तेव्हा मजल्यावर पाणी साचलेलं असेल.

आता ठिबकणारा नळ. 'थेंबच तर पडतोय' म्हणणाऱ्यांनी त्याखाली लिटरची बाटली ठेवावी. ती तासात भरत असेल तर दिवसाला २४ लिटर, आणि पाच दिवसांआड पाणी असेल तर एका पाळीत १२० लिटर. म्हणजे एक मोठा पिंप भरून पाणी मोरीत गेलं.

जुन्या, तीन-चार फेरे फिरणाऱ्या नळात वायसर बदलला की काम होतं. हल्लीचे पाव फेऱ्यात उघडणारे नळ वेगळे असतात. त्यांच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे मुठीखालच्या फिरणाऱ्या भागात, चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. पाणी सुटल्यावर पहिल्या गढूळ लोंढ्यातला वाळूचा एक कण मध्ये अडकला की चकतीवर ओरखडा पडतो, आणि मग कितीही आवळलं तरी थेंब पडतोच. इथेच लोक चुकतात: गळतंय म्हणून जोरात आवळतात, त्याने खालचं रबर चेपतं आणि गळती वाढते. पाणी बंद करा, मुठीवरची लाल-निळी टोपी नखाने काढा, स्क्रू सोडवा, मूठ ओढून काढा, स्पिंडल पान्याने उलट फिरवून बाहेर घ्या. नुसता क्षार असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व दोन मोठे चमचे लिटरभर कोमट पाण्यात घालून त्यात तासभर बुडवा. ओरखडा असेल तर नवीन स्पिंडल. दुकानात जुना स्पिंडल घेऊनच जा, कारण वरच्या दात्यांची संख्या आणि उंची कंपनीप्रमाणे बदलते आणि फोटोवरून कळत नाही. नवीन बसवण्याआधी नळाच्या तोंडावर फडकं धरून वॉल्व्ह दोन सेकंद उघडा आणि लाइनमधला कचरा बाहेर काढा. हे न करता बसवलेला नवा स्पिंडल आठवड्यात पुन्हा गळतो, आणि शिव्या खातो दुकानदार.

पूर्ण नळच बदलायचा असेल तर सगळी कला टेफ्लॉन टेपमध्ये आहे. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून धरा, पहिला आटा मोकळा सोडा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून बारा-पंधरा फेरे गुंडाळा. उलटा गुंडाळला तर नळ फिरवताना तो गोळा होऊन बाहेर येतो. नळ आधी हाताने बसवा, शेवटचा एक-दीड फेरा पान्याने. तोंड सरळ खाली यायला हवं, पण थोडं पुढे गेलं म्हणून मागे फिरवू नका. मागे फिरवलेल्या टेपमधून पाणी झिरपणारच. नळ काढा, टेप खरवडा, पुन्हा गुंडाळा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज नाही. आणि जोर बेताने लावा: भिंतीत प्लास्टिकच्या पाइपाला पितळी आट्यांचा एल्बो असतो, तो भिंतीतच फिरला तर फरशी फोडावी लागते.

बेसिनच्या कनेक्शन पाइपला मात्र टेफ्लॉन लावायचाच नाही. तिथे पाणी अडवतो तो नटातला रबरी वायसर. नट हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा, बस्स.

फ्लशची टाकी चोरून गळते, आवाजही येत नाही. रात्री झोपताना टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका आणि वीस मिनिटांनी भांड्यात बघा. रंग उतरला असेल तर तळाचं रबर गेलं.

क्षाराचे पांढरे डाग काढायला बाथरूममध्ये ॲसिड ओतण्याची आपल्याकडे फार सवय. फरशी चकाकते हे खरं, पण ॲसिड फरशांच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. पाच-सहा महिन्यांत सांधे पोकळ होतात, पाणी खाली उतरतं आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल धरते. मग सोसायटीच्या ग्रुपवर युद्ध. लिंबूसत्त्वाचं पाणी लावून पंधरा मिनिटांनी घासा आणि भरपूर धुऊन टाका. दोनदा करावं लागेल, पण सांधे वाचतात. ओल नेमकी कुठून येते हे भांडणाआधी तपासता येतं: वरच्या बाथरूमची जाळी बंद करून दोन इंच पाणी साठवा, पेन्सिलीने पातळीची खूण करा, २४ तासांनी बघा. पाणी लक्षात येण्याइतकं उतरलं तर दोष फरशीचा. नाही उतरलं तर पाइपाचा संशय घ्या.

गिझरबद्दल एकच गोष्ट, पण ती जिवावरची आहे. थंड पाण्याच्या बाजूला जो सेफ्टी वॉल्व्ह असतो त्यातून गरम होताना थोडं पाणी ठिबकतं. ते बिघाड नाही. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण दोनशे मिलिलिटरने फुगतं आणि त्याला वाट हवी असते. ते भोक एम-सील लावून बुजवणारे लोक आहेत. बुजवू नका, बारीक नळी लावून पाणी मोरीत सोडा.

विजेतही तेच सूत्र: आधी बंद करायला शिका. डीबीमधला (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतला) कोणता एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) कोणत्या खोलीचा हे एकेक पाडून बघा आणि चिठ्ठ्या चिकटवा. आरसीसीबीवर (करंट बाहेर गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) टी लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबा, झटक्यात पडलं पाहिजे. नाही पडलं तर इलेक्ट्रिशियन बोलवा. डीबीत आरसीसीबीच नसेल तर उन्हाळ्याआधी बसवून घ्या, कारण पुढे कूलर येणार. लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली पाणी, आणि दोन पिनांचं टॉप लावून चालवलेला: यापेक्षा वाईट जुळणी नाही. तीन पिनाच हव्यात आणि सॉकेटला अर्थ हवा. पाणी ओतताना पिन उपसून ठेवा, नुसतं बटण बंद करू नका. एखाद्या जुन्या बोर्डात बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं निघतं आणि बंद असूनही आत करंट असतो.

बटण किंवा सॉकेट बदलणं घरी जमण्यासारखं आहे. एमसीबी पाडा, पण त्याआधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून पेटतो का बघा. बिघडलेला टेस्टर 'करंट नाही' असंच सांगतो. जुन्या जोडणीचा फोटो काढा, वायर त्याच जागी लावा. पंखा हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. त्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असा आकडा असतो, तोच आणा. पण एमसीबी सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणं हे मात्र शहाणपण नव्हे. तो पडतो म्हणून भिंतीतली वायर वाचते.

आता ड्रिल. ५०० ते ६०० वॉटचं हॅमर ड्रिल घरासाठी पुष्कळ आहे. भोक पाडताना भुसा बघा: लाल आला तर वीट, करडा आला तर काँक्रीट, पांढरा भुसभुशीत आला तर हलका ब्लॉक. विटेत सहा मिलिमीटरचं बिट, सहाचा रावल प्लग (भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारा प्लास्टिकचा तुकडा), आठ नंबरचा स्क्रू. प्लॅस्टर अर्धा-पाऊण इंच असतं आणि त्याला धरण्याची ताकद नाही, तेव्हा प्लग प्लॅस्टर ओलांडून विटेत गेला पाहिजे. प्लगच्या लांबीपेक्षा एक सेंटिमीटर जास्त खोल जा, बिटला तेवढ्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. हलक्या ब्लॉकमध्ये हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक वाटीएवढं होतं. फरशीवर कागदी टेप चिकटवा आणि वरची चकाकी पार होईपर्यंत हॅमर नको. बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर कुठेही भोक पाडू नका. वायरी आणि पाइप तिथूनच उभे गेलेले असतात. रॉड लावताना पाणसळ वापरा, डोळ्यावर भरवसा नको.

हत्यारं फार लागत नाहीत: दहा इंची स्लाइड पाना, चौदा इंची पाइप पाना, पकड, पेचकस, टेस्टर, पाच मीटरचा टेप, पाणसळ. आणि अर्ध्या इंची दोन डमी प्लग. किंमत किरकोळ, पण रविवारी संध्याकाळी नळ तुटला आणि दुकान बंद असलं की हाच प्लग टेफ्लॉन लावून बसवायचा आणि टाकी पुन्हा चालू करायची.

गच्चीवरचे प्लास्टिक पाइप उन्हाने ठिसूळ होतात, त्यांना पांढरा रंग मारा. गच्चीच्या भेगा भरणं, पाइप जोडणं ही कामं जानेवारीतली गड्डा यात्रा झाल्यावर काढावीत, जूनची वाट बघू नये. मे महिन्यात पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावता लावता वाळतं, म्हणून जोड सकाळीच करा: पाइप काटकोनात कापा, कड घासा, दोन्ही भागांना सोल्यूशन लावा, पाव फेरा फिरवत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. पाणी शक्यतो दुसऱ्या दिवशी सोडा.

सुट्टीत गावी जाताना गच्चीवरचे दोन्ही वॉल्व्ह बंद, गिझरचा आणि मोटरचा एमसीबी खाली, फ्रिजचा तेवढा चालू. मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल ओता. तेलाच्या थराखालचं पाणी लवकर आटत नाही, त्यामुळे आठ-पंधरा दिवसांनी कुलूप उघडल्यावर गटाराचा वास येत नाही.