तोट्यातली बस आणि माझा कारटॅब

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच चालू झालंय. पीएमपीएमएल (पुण्याची सिटी बस, आधीची पीएमटी) तोट्यात आहे, मग आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून तिला का पोसायची, आम्ही तर वर्षात एकदाही बसत नाही. म्हणणारा कोण, तर स्वतः राहत्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्समधली ४० टक्के सवलत जाऊ नये म्हणून पीटी-३ फॉर्म भरायला ज्याने ऑफिसला दांडी मारली होती तो. इथे अमेरिकेत, सिएटलजवळच्या रेडमंडमध्ये रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी आठला मीटिंग आहे आणि मी फोनवर अंगठे आपटत बसलोय.

अरे बाबांनो, तोटा तोटा काय करता. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० साली पाडले आणि तिथे परत दुमजली बांधायला घेतला, तेव्हा जुन्या पुलांचा तोटा किती झाला असं विचारलं का कोणी? बस म्हटली की लगेच हिशोबाची वही बाहेर. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६०-४० करून तूट भरतात आणि बस चालते, म्हणजे दरवर्षी हात पसरायचे. जून २०२५ मध्ये कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं, महिन्याचा पास ९०० चा १५०० झाला, तेव्हा मात्र ग्रुपवर चिडीचूप. त्या पासवाल्या बायका आपल्या ग्रुपवर नाहीतच ना.

आणि फ्लॅट घेताना स्टँपड्युटीत १ टक्का मेट्रो सेस सगळ्यांनी मुकाट भरलाय हां. मेट्रोला दिले की प्रगती, बसला दिले की खैरात.

मग मी सिएटलचं उदाहरण टाकलं (दर वेळी टाकतो, सगळ्यांना पाठ झालंय). २०१४ च्या एप्रिलमध्ये किंग काउंटीच्या (सिएटल ज्यात येतं तो जिल्हा) लोकांनी बससाठी कर वाढवायला नाही म्हटलं, सप्टेंबरमध्ये २८ रूट बंद झाले, आणि नोव्हेंबरमध्ये सिएटल शहराने स्वतः मत देऊन गाडीमागे ६० डॉलर आणि सेल्स टॅक्समध्ये ०.१ टक्का लावून घेतला. २०२० मध्ये कोविड चालू असताना, बस रिकाम्या पळत असताना, परत मतदान झालं, तर ८० टक्क्यांच्या आसपास लोक कर द्या म्हणाले. याला म्हणतात नागरिक, असंही एक वाक्य वर चिकटवलं. ते नको होतं.

कारण लगेच उत्तर आलं, तुम्हाला विचारतात तरी, इथे मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, भाडं वाढलं तेव्हा प्रशासक होता, आम्ही मत कोणाला देणार होतो?

यावर काय बोलणार. आणि जे मी ग्रुपवर टाकलं नाही ते असं की त्यातल्या कुठल्याच मतदानात माझं मत नव्हतं, आजही नाहीये, मी इथला नागरिक नाही, ग्रीन कार्डच्या रांगेतच आहे. आणि असतं तरी? कारटॅबचं (गाडीच्या नोंदणीची वार्षिक फी) रिन्यूअल आलं की ट्रान्झिटचा आकडा बघून मी बायकोला लूट आहे लूट म्हणतो, जुन्या गाडीची किंमत असली धरतात की त्या भावात मी ती त्यांनाच विकायला तयार आहे. २०१९ मध्ये कारटॅब ३० डॉलरवर आणायचा प्रस्ताव राज्यात पास झाला तेव्हा मी मनातून खूश होतो. पुढच्या वर्षी कोर्टाने तो उडवला. लाइट रेल घरापासून दहा मिनिटांवर आहे, ऑर्का कार्ड (इथला बस-रेल्वेचा पास) ऑफिस फुकट देतं आणि मी गाडीनेच जातो.

पुण्यातला फ्लॅट भाड्याने दिलाय म्हणून ती ४० टक्के सवलत मला मिळत नाही, त्यावरूनही मी आईशी फोनवर कुरकुरतो. तिला सांगतो रिक्षाने जात जा, ती कोथरूड डेपोवरून बसनेच जाते.

शेवटी कोणीतरी विचारलं, तू बसमध्ये शेवटचा कधी बसला होतास रे? आठवून पाहिलं. कॉलेजचा पास होता, लॅमिनेट केलेला, फोटोत मिशी नुकती फुटलेली. त्याच्यावर पीएमटी लिहिलं होतं.