विजय हजारेंनाही गद्दार म्हणणार का?

आयपीएल जवळ आली की हा मेसेज पुन्हा वर येतो. गुजरातचा संघ सोडून मुंबईच्या संघात परतलेल्या हार्दिक पंड्याचा फोटो, त्यावर लाल अक्षरांत ‘गद्दार’ आणि खाली पाच मुद्दे. ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचला नाही त्या नशीबवान मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. एक, संघ सोडून विरोधी संघात जाणारा खेळाडू फक्त पैशासाठी जातो. दोन, ज्यांनी मोठं केलं त्यांच्याच पाठीत खंजीर खुपसतो. तीन, जुने खेळाडू असे नव्हते. एकदा ज्यांची टोपी घातली ती मरेपर्यंत. चार, असा माणूस देशासाठीही जीव तोडून खेळत नाही. पाच, म्हणून तो दिसेल तिथं हुर्यो उडवून, शिव्या घालून त्याला ‘जागा दाखवणं’ हे खऱ्या चाहत्याचं कर्तव्य. आणि शेवटी नेहमीचं, खरा चाहता असशील तर दहा जणांना पाठव.

आमच्या दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी सोडून दिलं. दाजी सकाळी सुविचार, दुपारी साखर कारखान्याच्या निवडणुकीचं भाकीत आणि रात्री क्रिकेट टाकतात. प्रत्येकाला उत्तर द्यायचं तर मला दुसरा धंदा उरणार नाही. पण तोच मेसेज माझ्या भाच्यानं त्याच्या कबड्डी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपल्याकडंपण एक हाय.’ पुढं त्या पोराचं नाव. मंडळ सोडून शेजारच्या गावच्या मंडळात गेलेलं, भाच्याच्याच वयाचं पोरगं. तेव्हा म्हटलं, आता बसून लिहावंच.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त डोकं त्यानंच उठवलं. ‘जुने खेळाडू असे नव्हते’ हे सांगलीत बसून पुढं ढकलायचं म्हणजे कमाल आहे. अहो, आपल्या गावात जन्मलेला सगळ्यात मोठा क्रिकेटपटू कोण? विजय हजारे. जन्म 1915, सांगली. देशातली एकदिवसीय सामन्यांची मोठी स्पर्धा आज ज्यांच्या नावानं खेळली जाते, ते हजारे. भारतानं आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो 1952 मध्ये मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, आणि तेव्हा कर्णधार तेच होते.

आता त्यांच्या टोप्या मोजा. रणजी करंडकात, म्हणजे देशातल्या संघांच्या मोठ्या स्पर्धेत, ते महाराष्ट्राकडून खेळले, मध्य भारताकडून खेळले, पुन्हा महाराष्ट्राकडून खेळले. 1939-40 च्या हंगामात पुण्यात त्यांनी महाराष्ट्रासाठी नाबाद 316 धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचं ते पहिलं त्रिशतक. समोर संघ कोणता होता? बडोदा. आणि त्यानंतर दोनेक वर्षांत हजारे कुठं गेले? बडोद्याला. ज्यांच्या गोलंदाजांना दिवसभर धुतलं त्यांच्याच ड्रेसिंग रूममध्ये. बरं, हा काही देशाच्या दुसऱ्या टोकाचा संघ नव्हे. बडोदा आणि महाराष्ट्र दोघंही तेव्हा रणजीच्या पश्चिम विभागातले, म्हणजे शेजारचे आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी.

का गेले? बडोदा संस्थानात नोकरी मिळाली म्हणून. तेव्हा क्रिकेटवर पोट भरत नव्हतं. संस्थानिक खेळाडूला पदरी ठेवायचे, हुद्दा द्यायचे, पगार द्यायचे. त्याआधी देवासच्या महाराजांनीही त्यांना असंच आधाराला घेतलं होतं आणि ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेटकडून शिकवणी मिळवून दिली होती. म्हणजे मेसेजच्या भाषेत बोलायचं तर हजारे ‘पैशासाठी’ गेले. आणि जाऊन काय केलं? 1946-47 च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याची अवस्था 3 बाद 91 असताना गुल महंमदबरोबर 577 धावांची भागीदारी रचली. गुल महंमदच्या 319, हजारेंच्या 288. कुठल्याही विकेटसाठीचा तो जागतिक विक्रम 2006 पर्यंत टिकला; श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धनेनं 624 करून तो मोडला. महाराष्ट्रानं घडवलेला, सांगलीत जन्मलेला माणूस बडोद्याला करंडक जिंकून देत होता. आता टाका त्यांच्या फोटोवर लाल अक्षरं. टाकवत नाहीत ना?

(गंमत म्हणजे हार्दिकही रणजी बडोद्याकडूनच खेळला. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्यानं बडोद्याचं पाणीच वाईट असा सहावा मुद्दा जोडला असता.)

कुस्तीतलं हवं असेल तर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. घडले कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत आणि 1960 मध्ये हिंदकेसरी झाले. सांगली-कोल्हापूरची चुरस काय असते ते मी इथल्यांना सांगायला नको. तरी आंदळकर आपले म्हणताना आपल्याला अजून कुणाची परवानगी लागत नाही.

आता पैसा. इथं मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. खेळाडू पैशाकडं बघतो. का बघू नये? पण हार्दिकच्या बाबतीत आकडा काय सांगतो? गुजरात टायटन्सनं त्याला 15 कोटींना घेतलं होतं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबईनं परत घेतलं तेही 15 कोटींनाच. दोन संघांमध्ये ठरलेली हस्तांतराची रक्कम जाहीर झाली नाही आणि तिच्यातला वाटा खेळाडूला मिळू शकतो, हे खरं. अशा अदलाबदलीला, म्हणजे ट्रेडला, खेळाडूची संमती लागते, तेही खरं. तेव्हा तो बिचारा झोपेत उचलून नेला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की दाजींनी एका कारखान्यातली नोकरी सोडून शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यात धरली, तेव्हा त्यांना गेटवर अडवून कुणी गद्दार म्हटलं नव्हतं. उलट आपण पेढे खाल्ले.

खंजिराचं म्हणाल तर आधी तारखा बघा. हार्दिक 2015 पासून मुंबईकडून खेळला, चार विजेतेपदांत होता. 2022 च्या हंगामाआधी मुंबईनं चौघांना कायम ठेवलं: रोहित, बुमराह, सूर्यकुमार, पोलार्ड. चारपेक्षा जास्त ठेवताच येत नव्हते, मान्य. पण त्यात हार्दिक नव्हता. म्हणजे सोडलं कुणी कुणाला? मग तो गुजरातकडं गेला, नव्या कोऱ्या संघाला पहिल्याच वर्षी विजेता केला, दुसऱ्या वर्षी अंतिम फेरीत नेला आणि परत मुंबईला आला. आता गुजरातवाल्यांच्या मते तो गेला म्हणून गद्दार आणि मुंबईवाल्यांच्या मते तो आला म्हणून गद्दार. एकाच माणसानं एकाच प्रवासात दोन्ही टोकांना गद्दारी केली, हा चमत्कार फक्त व्हॉट्सअॅपवर होतो.

खरं दुखणं वेगळं आहे आणि ते मला कळतं. पाच करंडक जिंकून देणाऱ्या रोहितला बाजूला करून डिसेंबर 2023 मध्ये कप्तानी हार्दिकला दिली. ज्या पद्धतीनं दिली ती मलाही खटकली, आजही खटकते. पण कप्तान कोण हे ठरवतं संघाचं व्यवस्थापन. त्या मेसेजमध्ये व्यवस्थापनातल्या एकाचा तरी फोटो आहे का? मालकावर राग काढायचा तर त्याची जर्सी विकत घेणं थांबवावं लागतं, टीव्ही बंद ठेवावा लागतो. ते जड जातं. त्यापेक्षा सीमारेषेवर उभ्या असलेल्या माणसावर ओरडणं सोपं.

आणि निवड खेळाडूच्या हातात किती असते ते सांगलीकरांना आपल्या स्मृती मानधनावरून कळायला हवं. 13 फेब्रुवारी 2023 ला महिलांच्या लीगचा पहिला लिलाव झाला. तिच्यासाठी मुंबई आणि बंगळुरू दोघंही बोली लावत होते. 3 कोटी 40 लाखांवर मुंबई थांबली आणि आपली पोरगी बंगळुरूची झाली. मुंबईनं अजून एकदा हात वर केला असता तर ती मुंबईची झाली असती. 17 मार्च 2024 ला तिच्या कप्तानीखाली बंगळुरूनं करंडक जिंकला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यात पहिला ‘सांगलीची वाघीण’ दाजींचा होता. पुढच्याच रविवारी अहमदाबादेत हार्दिकची हुर्यो उडाली आणि ‘गद्दार’ही दाजींचाच. मधल्या आठवड्यात निष्ठेची व्याख्या बदलली की काय?

चौथ्या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. 29 जून 2024, बार्बाडोस, टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला 16 हव्यात. चेंडू कुणाच्या हातात होता? हार्दिकच्या. पहिल्याच चेंडूवर मिलर बाद झाला, भारत 7 धावांनी जिंकला. 4 जुलैला वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष झाला. एप्रिलमध्ये याच मैदानात त्याला नाणेफेकीला नीट बोलू दिलं नव्हतं.

राहिला पाचवा, आणि तो चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. हुर्यो उडवण्याचा हक्क मी नाकारत नाही. तिकीट काढलंय, घसा तुमचा आहे. वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांनी प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सुनावलं, तेही मला हेडमास्तरी वाटलं. पण मेसेज हुर्योवर थांबत नाही, ‘दिसेल तिथं’ म्हणतो. ‘दिसेल तिथं’ कुठवर जातं? फुटबॉलपटू लुईस फिगो 2000 मध्ये बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला. 2002 मध्ये बार्सिलोनाच्या मैदानात त्याच्या दिशेनं डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं. ते लांबचं वाटत असेल तर जवळचं घ्या. मार्च 2024 मध्ये, त्याच हंगामात, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात सामना बघताना रोहित बाद झाल्यावर चेन्नई संघाच्या एका वयस्कर चाहत्यानं आनंद दाखवला, म्हणून मुंबईच्या चाहत्यांनी त्याला मारहाण केली. त्यात तो गेला. त्या भांडणाचा हार्दिकशी संबंध नव्हता, हे आधीच सांगतो. पण ‘खरा चाहता’ नावाचं जे भूत या मेसेजमध्ये नाचवलंय, ते तेच.

आणि ते भूत आता आमच्या भाच्याच्या ग्रुपवर आलंय. गेल्या स्पर्धेत मी पाहिलंय. ते पोरगं दुसऱ्या मंडळाकडून चढाईला आलं की आमची पोरं मैदानाच्या कडेला बसून एका सुरात ‘ग-द्दा-र’ करायची. पोरगं मध्यरेषा ओलांडायचं, दम धरायचं, आणि बोनस रेषेकडं पाय टाकण्याऐवजी नजर कडेला जायची. तिसऱ्या चढाईत घोट्याला धरलं तेव्हा काही बापईसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. पकड चांगली होती म्हणून नव्हे.

भाच्याला विचारलं तर म्हणाला, “मामा, तो गेला की आमाला सोडून.” याच्याच खोलीत काशिलिंग आडकेचा फोटो आहे. कासेगावचा काशिलिंग, प्रो कबड्डीत आधी दबंग दिल्लीचा आणि मग यू मुंबाचा. तो गेला तेव्हा चालला.

ते पोरगं का गेलं तेही मी विचारून आलो. त्या मंडळाकडं मॅट आहे. पुढच्या निवड चाचण्या मॅटवर होतात आणि आपली पोरं मातीत सराव करून तिथं बूट घालून घसरतात. त्याला पुढं जायचंय, म्हणून तो मॅटकडं गेला. थांबवायचं होतं तर मॅट आणायची होती. दोन वर्षं आपण त्यावर बैठकीत चहा पितोय.

तेव्हा दाजी, पावतीबुक माझ्याकडं आहे. मेसेज दहा जणांना पाठवलाच आहे, तर त्याच दहा जणांची वर्गणी तुम्हीच गोळा करून आणा.