रविवारी बंब विझवला त्याची गोष्ट

कासची फुलं बघायला निघालो आणि यवतेश्वरच्या घाटात आमच्या गाडीला उचकी लागली. समर्थ मंदिरापर्यंत ती अगदी शहाण्यासारखी चालली होती. चढ लागला तशी गचके खायला लागली. अॅक्सिलरेटर जितका दाबावा तितकी जास्त रुसायची. मागं पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि त्या रांगेतला प्रत्येक जण हॉर्नवर आपलं मत नोंदवत होता. फुलांचं ऑनलाइन बुकिंग वाया गेलं. बायको घाटातल्या गवताकडं बघून म्हणाली, "हीच फुलं समजायची का?"

गाडी २००६ची, पेट्रोलवर चालणारी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, माझा आहे. पेट्रोल गाळणारा फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे मला आठवत नव्हतं.

मिस्त्री म्हणाला, "फिल्टर चोक झालाय. सपाटीला थोडं पेट्रोल भागतं. चढाला इंजिन जास्त मागतंय आणि कागद चोंदल्यामुळं मिळत नाही. बुधवारी आणा."

"चार नट, दोन नळ्या. मीच करतो घरी."

"करा की," मिस्त्री म्हणाला.

साताऱ्यात 'करा की' ही परवानगी नसते. पुढची गंमत बघायला आम्ही आहोत, एवढाच त्याचा अर्थ. पण जाता जाता त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. नळी काढायच्या आधी प्रेशर सोडायचं, आणि आजूबाजूला विस्तव नको. चाकात आपण तीस-बत्तीसची हवा भरतो, या नळीत पेट्रोल चाळीसच्या वर दाबाखाली असतं. तशीच उपटली तर फवारा थेट तोंडावर. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि विस्तव शोधते.

आमच्या गोडोलीतल्या घराच्या अंगणात तिला फार शोधावं लागलं नसतं. तिथं आईचा बंब आहे.

पुढच्या रविवारी मी पहाटे उठून आईला म्हणालो, "आज बंब पेटवू नकोस."

आई दचकली. "का रं? कोण गेलं?"

कुणी गेलं नाही, पण जाऊ शकतं, हे समजावायला अर्धा तास गेला. तोवर बंब पेटलेलाच होता. पेटलेल्या बंबावर पाणी ओतायला आईनं साफ नकार दिला. अग्नीवर पाणी ओतणं आमच्याकडं चालत नाही. मग पाणी संपवायचं ठरलं. घरातले सगळे एकामागून एक अंघोळीला गेले. मुलगा आठवड्यातून एकदा डोक्यावरून पाणी घेतो, त्यानं त्या दिवशी दोनदा घेतलं. नऊ वाजता निखारे राखेखाली गेले. मी दर दहा मिनिटांनी बंबाला हात लावून बघत होतो, डॉक्टर तापाच्या पेशंटला लावतात तसा.

एवढ्यात शेजारचे सुभेदारकाका कुंपणावरून डोकावले. काका मूळचे अपशिंगे मिलिटरीचे, म्हणजे घरटी माणूस फौजेत जाणाऱ्या गावचे. त्यात नोकरीतली बरीच वर्षं लष्करी गाड्यांच्या ताफ्यात काढलेली. माझी तयारी बघून त्यांच्या चेहऱ्यावर जी कणव आली ती मी विसरणार नाही.

"वाळूची बादली कुठाय?"

"नाही."

"अग्निशामक?"

"तो आणलाय. पावडरचा."

"मग तेवढी तरी अक्कल आहे म्हणायची."

काकांनी आपल्या घरची वाळूची बादली कुंपणावरून दिली. त्यानंतर अंगण फौजेच्या ताब्यात गेलं. माझा नायलॉनचा टी-शर्ट उतरवून सुती बनियन घालायला लावला, नायलॉनची ठिणगी उडते म्हणे. स्वयंपाकघराची अंगणाकडची खिडकी बंद, गॅस सिलिंडरपाशी बंद, पोहे रद्द. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला कोळशाच्या इस्त्रीसकट गल्लीच्या टोकाला पाठवलं. समोरचे अण्णा बिडी तोंडात धरून 'काय चाललंय' बघायला आले, तर काकांनी बिडी पेटायच्या आधीच जप्त केली.

"गल्लीतल्या सगळ्या काडेपेट्या आणि लायटर गोळा कर," काकांचा हुकूम सुटला. "कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव."

मी तसंच केलं. देवघरातली काडेपेटी, गॅसचा लायटर, अण्णांच्या दोन, इस्त्रीवाल्याची एक, सगळं एका पिशवीत घालून कुलपात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

प्रत्यक्ष काम त्या मानानं फारच साधं निघालं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन चालू केलं. नळीत उरलेलं पेट्रोल पिऊन ते आपोआप मेलं. आणखी दोनदा सेल्फ मारला. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला केली. सायलेन्सर गार होईपर्यंत अर्धा तास नुसतं बसायचं होतं. तेवढ्यात काकांनी दोन लढायांच्या आठवणी सांगितल्या. अण्णा बिडीशिवाय ऐकत होते, त्यामुळं त्यांना त्या जास्तच लांब वाटल्या.

पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकनं उचलून स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा माणूस काकांच्या मते आत्महत्येच्या तयारीत असतो. डोळ्यांवर मुलाचा पोहण्याचा गॉगल, हातात रबरी मोजे, खाली पत्र्याचा डबा. गाडीखाली शिरताना बायकोनं फोटो काढला, तो आता नातेवाइकांमध्ये फिरतो आहे.

नळीला चिंधी गुंडाळून क्लिप दाबली. दाब सोडला होता तरी पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून काखेत गेलं. काखेत पेट्रोल गेल्यावर माणूस जे शब्द उच्चारतो ते उच्चारले. आई वर देवाचं नाव घेत होती, दोन्ही मिळून बरोबरी झाली असावी. जुना फिल्टर डब्यात उलटा केला तेव्हा चहाच्या गाळासारखं काळं पाणी पडलं. एवढं पिऊन गाडी इतके दिवस चालली, याचं मला एकदम वाईट वाटलं.

नव्या फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनाच्या दिशेला. मी बरोबर लावत होतो, तरी काकांनी तीनदा विचारलं, "बाण?" फ्यूज आणि बॅटरी जोडून सेल्फ न मारता तीनदा नुसती चावी ऑन केली. पंप घुर्रर्र झाला, काका टॉर्च घेऊन खाली वाकले. थेंब नाही. मग सेल्फ मारला. दोन ठसके, आणि लागली!

मला राहवलं नाही. तसाच बनियनवर समर्थ मंदिर, पुढं यवतेश्वर. घाटात गाडी लोण्यासारखी चढली. वर थांबून साताऱ्याकडं बघितलं, समोर अजिंक्यतारा. तासभर तिथंच रमलो.

दोन वाजता घरी आलो तर सगळे फाटकात. आई, बायको, मुलगा, अण्णा, इस्त्रीवाला. स्वयंपाक झालेला नव्हता.

"लायटर कुठाय?" बायको म्हणाली.

"सुरक्षित आहे," मी म्हणालो आणि खिशातली किल्ली काढून डिकी उघडली.

पिशवी तिथंच होती. तिच्या खाली रबरी मॅट, मॅटखाली पत्रा, पत्र्याखाली पेट्रोलची टाकी, आणि टाकीला लागूनच मी सकाळभर पडलो होतो ती जागा.

अण्णांनी आपल्या काडेपेट्या मुकाट्यानं उचलल्या. सुभेदारकाका डिकीत बराच वेळ बघत उभे राहिले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "वाळूची बादली राहू दे तुझ्याकडंच," आणि घरी जेवायला गेले.